नोदारची बोटं

कुताइसीच्या पुलाजवळ नोदारचं घड्याळांचं दुकान,
काउंटरच्या कडेला जळक्या खुणांची रांग.

खोकला आला असता तर त्याला समजलं असतं.
छातीचा फोटो तर स्वच्छ.
"मग हे बोटांत कसं?"
डॉक्टर एतेरीनं सुजलेले सांधे
एकेक दाबून पाहिले, म्हणाली,
"धूर काय तुला विचारून जातो,
कुठं जायचं ते?"

आता सकाळी शर्टाची बटणं बायको लावते.
न बोलता. गळ्याचं शेवटी.

दहापर्यंत मुठी कोमट पाण्यात.
केसाएवढी स्प्रिंग चिमटीत येत नाही,
गिऱ्हाइकाचं घड्याळ उघडंच पडून.

पाकीट परवा रिओनीत फेकलं.
पण वाकड्या झालेल्या दोन बोटांमध्ये
एक फट राहिली आहे,
नेमकी
सिगारेटच्या मापाची.