एकतिसावं दार

परळच्या इस्पितळात, जिन्याखालच्या खोलीत
जिथं पूर्वी धुतलेल्या चादरी रचलेल्या असायच्या
तिथं आता अठ्ठेचाळीस दारांचा स्विच बसतो.
डांबरगोळ्यांचा वास मात्र गेला नाही.

कोण कुठं राहतं, हे त्याला उपजत ठाऊक नसतं.
अनोळखी नावाचं पाकीट आलं
की तो एकूण एक दारावर थाप मारतो:
रक्तपेढी, एक्स-रे, शवागारातला जुना संगणक,
चौदा नंबर वॉर्डातला कुरकुरा प्रिंटर.
तुमचं का हो हे?
एकच दार ओ देतं.
मग तो मनाशी टिपतो, सतरावं.
पुढचं पाकीट थेट, कुणाची झोप न मोडता.

पण पाच मिनिटं कुणी बोललं नाही
की नाव खोडतो.
आकस नाही. वही लहान आहे.

हे मला पास्कोल तुस्कानोनं शिकवलं.
वसईहून यायचा, एका खिशात पकड, दुसऱ्यात पेरू.
प्रत्येक वायरीला चिठ्ठी बांधायचा, बॉलपेननं,
"ओपीडी, मागची खिडकी, सिस्टरचं टेबल".
रंगावर जाऊ नकोस म्हणायचा,
निळी संपली की लोक पिवळी लावतात.

एकदा रात्री सव्वादोनला सगळं थिजलं.
नव्या पोरानं लोंबणारी एक वायर
नीटनेटकी दिसावी म्हणून
दोन्ही टोकांनी एकाच डबीत खुपसली होती.
एकच हाक गोल फिरत राहिली, फुगत राहिली,
कोण आहे कोण आहे कोण आहे
आणि उत्तराला वाटच उरली नाही.
वर एका बाळाचा एक्स-रे अर्ध्या छातीवर अडकला.
मी तिसऱ्या मजल्यावर, टेबलाखाली, गुडघ्यांवर.
ओढली.
टिक, एवढाच आवाज.

सकाळी पास्कोल चहा ढवळत म्हणाला,
दोन इमारतींत वाटा दोन हव्यात,
पण एक मिटलेली.
पहिली तुटेल तेव्हाच तिनं डोळा उघडायचा.
तोवर नुसता नारिंगी दिवा.
ती मिटलेली वाट बघायला मी अजून
उगाचच खाली जाते.

एकतिसाव्या दारावर त्याचं अक्षर आहे,
"मी, कोपऱ्यातलं टेबल".
फेब्रुवारीत तो गेला.
स्विचनं त्याला त्या संध्याकाळीच खोडलं असणार,
संगणक बंद केल्यावर पाच मिनिटांनी.

ऑडिटवाले विचारतात, हे रिकामं का?
राखीव, म्हणते मी,
आणि बत्तिसाव्याकडे वळते.
तिथं रक्तपेढी काहीतरी घाईनं बोलतेय.