ओळ सतरा

भात निघाल्यावर खाचरात जी ओल उरते
तिच्यावर येतं हे पीक.
पाणी मागत नाही, खत मागत नाही,
म्हणून वारणेच्या वरच्या अंगाला, चरणच्या पुढच्या वाडीत
कुणी त्याला पीकसुद्धा म्हणत नाही.
'काय पेरलं?'
'काय न्हाई. मसूर फेकलाय.'

तिथं मी कागदी पाकिटं घेऊन गेलो.
प्रत्येकावर नंबर, प्रत्येकात दोनशे ग्रॅम,
आणि त्यामागे अकरा वर्षं :
चिमट्यानं उघडलेल्या कळ्या, डोळ्याला भिंग,
यंत्रानं काढून दिलेला आकडा,
किलोमागे लोह इतकं, जस्त इतकं.

अनुसाकाकू मस्करांनी सतरा नंबरचं पाकीट
कानाशी धरून वाजवलं.
'लोखंड हाय म्हंता ह्यात?'
'आहे.'
'मग माझं जातं झिजंल की.'
आणि हसल्याही नाहीत.

सून, सारिका, उंबऱ्यात बसलेली.
आशाताईंच्या वहीत तिच्या नावापुढे आठ पूर्णांक दोन.
लाल गोळ्या कोनाड्यात, चंदेरी कागदात, जशाच्या तशा;
मळमळतं म्हणे.
पायरी चढताना ती भिंतीला हात लावायची,
नजर चुकवून.

तिचा संग्राम फुटक्या स्पीकरचा चुंबक घेऊन आला.
परातीत मसूर ओतला, वरून चुंबक फिरवला,
एकदा, दोनदा, पार टेकवून.
दाणा हलेना.
अख्खी आळी परातीभोवती. मला घाम.
अकरा वर्षं, आणि एक दाणा हलेना.

मग कंटाळून पोरानं चुंबक अंगणात घासला
तर त्याला काळी लव आली,
उभी, बारीक, मांजराच्या पाठीसारखी.
'आय्या, मातीत हाय की!'
'तेच,' मी म्हणालो, 'तेच मुळी वर आणते.'
इतकं सोपं ते नसतं.
पण नोकरीतलं माझं सगळ्यात बरं भाषण तेवढंच.

बांधाकडेच्या तीन गुंठ्यांत काकूंनी ओळी धरल्या.
पौषात निळसर फुलं आली, मिठाच्या खड्याएवढी.
एका रात्री चांदोलीकडून गवे उतरले,
ओळ नऊ संपवून गेले, सतराला तोंड लावलं नाही.
तक्त्यात गव्यांच्या मतासाठी रकाना नव्हता.

शिमग्याआधी मळणी. मग दोन चुली, दोन भांडी,
एकात घरचा, एकात सतरा,
मीठ दोन्हीत मोजून.
'घरचा मऊ पडतोय. तुजा दाणा ताठ ऱ्हातोय बग.
इस्लामपूरच्या ढाब्यावर दे तो,
तिथं अख्खाच लागतोय.'
मी नोंदवलं : शिजण्यास वेळ, अकरा मिनिटं जास्त.
त्यांनी दुसऱ्यांदा वाढून घेतला, ते नोंदवलं नाही.

पुढच्या साली गेलो तर ओळी नव्हत्या.
एकच हिरवा पसारा, बांधापासून बांधापर्यंत.
'काकू, सतरा कुठाय?'
'त्यातच हाय. मिसाळला.
घरच्याला चव, तुज्याला बळ.
येगळं ठिवून भांडाय लावू व्हय दोगास्नी?'
सात घरांत मापटं मापटं गेलं होतं,
नेताना एक, आणताना सव्वा.
कुणाकडे किती, सगळं तोंडपाठ. वही माझ्याकडेच होती.

वहीत मी लिहिलं : बियाणे भेसळ. प्लॉट बाद.
'बाद'खाली एक रेघ मारली, नियम आहे.

सारिका पाण्याची कळशी घेऊन आली,
भिंतीला हात न लावता.
आशाताईंकडे आता नऊ पूर्णांक सहा.
मसुरानं, की काकू आता समोर उभ्या राहून
लिंबाच्या फोडीबरोबर गोळी गिळायला लावतात त्यानं,
कोण सांगणार.
तो आकडा मी माझ्या तक्त्यात घेतला नाही.

निघताना काकूंनी शर्टाच्या खिशात मूठभर ओतलं.
शेडगेवाडीच्या वळणावर एसटी कलली,
चार दाणे मांडीवर सांडले,
दोन तपकिरी, एक करडा, एक ठिपक्यांचा.
भिंग बॅगेत होतं.
काढलं नाही.