उपाशीपोटी ते जेवणानंतर

सकाळचे सात वीस. धंतोलीतली लॅब.
स्टीलच्या खुर्च्या, एप्रिलातही गार.
रात्री आठपासून पोटात पाण्याशिवाय काही नाही,
तरी चार डबे भरून आले,
सासूबाईंच्या बिनमिठाच्या वरणाची चव
नुसत्या वासावर ओळखून.

"कुमुद शामराव हेडाऊ!"
त्या पोरीनं हाक मारली
आणि मी आजूबाजूला पाहिलं, कोण उठतं म्हणून.
संस्थेत मी हेडाऊ मॅडम, गल्लीत सोनूची आई.
हे अख्खं नाव शेवटचं ऐकलं ते
मतदानाच्या खोलीत.

सुई गेली.
नळीत चढत गेलं ते वाटलं होतं त्याहून काळपट.
"आता खाऊन या. बरोबर दोन तासांनी परत.
मधे झोपायचं नाही, धावपळ करायची नाही."

धावपळ करायची नाही.
छापील होतं ते, खाली लॅबचा शिक्का.

गोळीबार चौकातल्या पतसंस्थेत
सतरा वर्षं मीच लोकांना फोन लावते,
भाऊ, हप्ता थकला, तारीख ढकलू नका,
व्याज चढत जाते, मग झेपत नाही.
आणि डॉक्टरांची ही चिठ्ठी माझ्या पर्समध्ये
दसऱ्यापासून.
आधी दिवाळी, मग सोनूची बारावी,
मग यांचं पित्त, मग मार्च एंड.
घडीवर कागद फाटत आला होता.

मानेवाड्याला जाऊन यायचं तर दीड तास रस्त्यातच.
संस्थेत गेले तर टेबल सोडणार नाही.
म्हणजे कुठंच जाता येत नव्हतं.
केवढं बरं वाटलं.

कोपऱ्यावर पोहे घेतले.
तर्री नको म्हटलं,
मग म्हटलं, घाला थोडी.
उभ्यानं, एकटीनं, गरम असतानाच खाल्ले.
पलीकडे एक जण कुलरमध्ये नवा वाळा भरत होता,
जुना काढलेला पडला होता, क्षारानं पांढरा, कडक.
"तीन साल बदललाच नाही बावा यायनं," तो कुणाला तरी सांगत होता,
"अन् म्हणतात, हवा काहून येत नाही."

बागेत बाक रिकामा होता.
फोन आला. "माझी निळी फाईल कुठाय?
आणि तू अजून तिथंच?"
"दोन तास बसायला सांगितलंय."
"बसून काय करायचं?"
"बसायचं."
पलीकडून जरा वेळ काहीच नाही. मग, "बरं."

फॉर्म परत द्यायचा होता, दुसऱ्या नमुन्याबरोबर.
सकाळी घाईत सगळीकडे 'कधीच नाही'वर खूण केली होती,
पावत्यांवर सही करते तशी.
आता वाचला.
विनाकारण रडू येतं का?
विनाकारण तर खरंच कधी नाही.
कारणं आहेत, टोकन घेऊन उभी,
मीच खिडकी उघडत नाही.
झोप लागते का?
लागते. तीनला जाते.
मग कुलरमधलं पाणी ऐकत पडून राहते
आणि सगळ्यांची औषधं मनात मोजते,
माझ्या नावाची एकही नसल्याचा
एक मूर्ख अभिमान बाळगून.

खूण खोडली. समासात लिहिलं,
पहाटे तीन. रोज. दोन वर्षं झाली.
अक्षर वाकडं आलं, हात दुखत होता.

पोरीनं वाचलं. काही बोलली नाही.
दुसरी नळी भरली, कापूस लावला, मग म्हणाली,
"वरच्या मजल्यावर मंगळवारी एक ताई बसतात,
नुसतं बोलायला. नंबर लावू?"
"मंगळवारी आमच्याकडे वसुलीची..."
एवढं बोलून झालं होतं.
ती पेन धरून थांबली.
मीही थांबले.
"लावा," म्हटलं.

रिपोर्ट संध्याकाळी सहाला.
कोपराच्या घडीतला कापूस मी दिवसभर काढला नाही,
कुणी विचारलं तर सांगता यावं म्हणून.
कुणी विचारलं नाही.
तरी नाही काढला.