जिभेची साक्ष

मार्चमध्ये विद्यापीठाकडून खोकं आलं.
एकशे ऐंशी पाकिटं, रोज सकाळी एक, पाण्यात ढवळून.
जांभळी पूड. निम्म्या लोकांच्या पाकिटात ब्लूबेरी,
निम्म्यांच्या पाकिटात नुसता रंग आणि पिठूळ गोडवा.
मला काय आलंय ते मला ठाऊक नाही,
देणाऱ्या डॉक्टर साइलांनाही नाही.

मी ताइमी. वय एकाहत्तर.
सोत्कामोच्या रस्त्यांवर चौतीस वर्षं टपाल वाटलं.
सगळी दारं पाठ होती, कुत्र्यांच्या नावांसकट.
आता शेजारच्या कुत्र्याला
आधीच्या कुत्र्याच्या नावानं हाकारते,
तोही बिचारा येतो.

डॉक्टर म्हणाल्या,
या फळाचा निळेपणा रक्तवाहिन्यांना मऊ ठेवत असावा,
डोक्यापर्यंतचं टपाल वेळेवर पोचत असावं.
असावं, म्हणजे ठरलेलं नाही.
ते ठरवायलाच आम्ही म्हातारी माणसं.

अट एकच: सहा महिने दुसरी बेरी तोंडात नाही.
मार्चमध्ये जंगल बर्फाखाली असतं,
माणूस कशालाही हो म्हणतो.

मग ऑगस्ट.
हेल्मी दारात, हातात दातेरी डबा.
"खायची नाही ना? वेचायला काय हरकत?"

वेचली.
कानाशी डास, गुडघ्याखाली ओलं शेवाळ,
आणि खडकामागे ते एक झुडूप,
एकेका फळावर धुक्याची साय,
बोट लागलं की पुसली जाणारी.

पहिली तोंडात गेली ती चुकून.
दुसरी, पहिली खरंच चुकून गेली का ते बघायला.
पुढची मोजदाद माझ्याकडे नाही.
स्मरणशक्तीचा दोष, दुसरं काय.

सप्टेंबरात कुओपिओला परीक्षा.
पंधरा शब्द ऐकायचे, वीस मिनिटांनी सांगायचे.
सुई, पूल, लोणी, कंदील...
मार्चमध्ये सात आले होते,
आता बारा.
साइलांचा चेहरा उजळला,
आणि माझा उतरला.

जिभेला हाड नसतं, पण रंग असतो.
माझी तर पाकिटानंही जांभळी व्हायची,
म्हणजे तिची साक्ष कुणीच धरली नसती.
पण चोराच्या मनात चांदणं,
आणि आमच्याकडे तर उन्हाळ्यात रात्रीही उजेड.

"मी खाल्ली," म्हटलं.
"किती?"
"एक."
त्या हसल्या. "एका बेरीनं काही होत नाही."
"बादली."

माझं नाव त्यांनी रेघ मारून खोडलं,
फार हळू, पट्टी लावून.

बसमध्ये तेरावा शब्द आठवला: किल्ली.
हा कुणाच्या खात्यावर मांडायचा?
पाकिटाच्या, झुडपाच्या,
रोज जंगलापर्यंत चाललेल्या दोन मैलांच्या?
की शरमेच्या? शरमेनं माणसाला फार आठवतं.

नऊ पाकिटं उरलीत.
हेल्मीनं एक फोडून चाटलं. म्हणाली,
"यात काही नाही गं, नुसता रंग आहे."

पण हेल्मी जळलेल्या पावालाही खमंग म्हणते.
तिच्या जिभेचं काय धरायचं?