मोयनाकची भिंत

बिबिनाजबाईंनी आधी सात रंग काढले होते,
कडेला नक्षी, एक मासासुद्धा.
मग सगळ्यावर चुन्याचा हात फिरवला,
ठेवला फक्त निळा.

पहिला खांब थेट आढ्याला:
तो रंगवायला जल्गास स्टुलावर चढला.
पुढच्याला स्टूल लागलं नाही.
मग उभ्याने,
मग वाकून,
मग मांडी घालून.

मुख्याध्यापक म्हणाले, वरची भिंत रिकामी दिसते,
काहीतरी काढा तिथे.
बाई म्हणाल्या, तेच काढलंय.

शेवटच्या वर्षापाशी जल्गास अडला.
ब्रश जाड आहे बाई, पाणी बारीक.

बाईंनी काडेपेटीतली काडी घेतली,
गुल मोडला,
टोक निळ्यात बुडवून त्याच्या हाती दिलं.

खालची काळी रेघ, शून्याची,
पट्टी धरून त्यांनी पहिल्याच दिवशी ओढली होती.