तीननंतर पाच

तीननंतर पाच.
मधला चार नाही.
नव्या आवृत्तीत तिथं नुसती फट,
आणि पानाच्या तळाशी मुंगीएवढ्या टायपात:
जुन्या प्रतींत ही ओळ सापडत नाही.

ती ओळ पप्पांची होती.
गोरेवाड्याच्या पंपावर एकतीस वर्षं,
रात्रपाळी, नखांत ग्रीस,
आणि रविवारी गड्डीगोदामच्या लहानशा चर्चमध्ये
इस्त्रीचा शर्ट घालून उपदेशाला उभे:
कुंडाकाठी आजारी माणसं पडलेली,
मधूनच देवदूत उतरतो, पाणी ढवळतो,
जो पहिला आत जाईल तो बरा.
"म्हंजे तोबी आपल्याच खात्यातला," म्हणायचे,
आणि मागच्या बाकावरचे फिटर हसायचे.

मी नेमकी तीच ओळ उचलली प्रबंधासाठी.
मे महिना. कूलरमधल्या वाळ्याचा ओला वास.
टेबलावर प्रतींच्या झेरॉक्स,
उडू नयेत म्हणून वर पप्पांचे जुने नट.
सगळ्यात जुन्या प्रती गप्प.
मग एकीच्या समासात ती ओळ, दुसऱ्या हाताची,
तिरकी, घाईची.
पुढे कुठं ती मजकुरात शिरलेली,
पण अंगावर शंकेच्या खुणा.
आणखी पुढे खुणाही गळाल्या.
कुणी खोटं बोललं नव्हतं.
एका नक्कलनविसानं समजावून सांगितलं,
दुसऱ्याला वाटलं, राहून गेलं असेल.

हिब्रूसाठी अजनीला जायचे,
बिन्यामिन झिराडकरांकडे. निवृत्त गार्ड.
आजोबा कोकणात तेल गाळायचे, शनिवारी घाणा बंद;
हे शनिवारी मला दार उघडत, चहा देत,
पण पेन्सिल धरू देत नसत.
माझी तक्रार एकच: स्वरच लिहिलेले नाहीत, वाचू कसं?
"इतवारीतल्या पाट्यांचे काने-मात्रे उडालेत,
तरी दुकान सापडतं ना तुला?
हे बघ. प आणि ण. काय आहे?"
पण, म्हटलं मी.
"तहान लागली असती तर पाणी म्हणाली असतीस."
मग बराच वेळ खिडकीतून शंटिंग बघत राहिले.
"दोन हजार वर्षं आम्ही भांडतोय
ते असल्याच दोन अक्षरांवरून.
भांडण संपलं असतं तर
वाचणंही संपलं असतं, पोरी."

पप्पांना सांगायला मला तीन महिने लागले.
सांगितलं ते जेवताना, ताटाकडे बघत:
ती ओळ मुळात नव्हती. नंतरची आहे.
त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला,
वरणात बुडवला, तसाच धरून ठेवला.
"आन् ते बिमार लोक? तेबी नंतरचे?"
नाही. ते आहेत. जुन्या प्रतींतही आहेत.
"मंग ते तिथं काहून बसले होते?"

मी प्रती सांगितल्या, शतकं सांगितली.
"थे सारं खरं असन," ते म्हणाले.
"पन पंप बंद असला तरी लोक
नळापाशी भांडे मांडतेत.
मी पायलं नं. रात्री दोन वाजता पायलं.
कोन्या नव्या मानसानं इचारलं, इथं काहून बसले,
त कोनाले तरी सांगाच लागते."

रात्री माझ्या प्रतीच्या समासात
पेन्सिलीनं लिहिलं: काहून बसले होते?
खाली त्यांचं नाव टाकलं नाही.
पुढं केव्हातरी, कुणी नकलताना
ही ओळही आत घेईल, असं वाटलं,
आणि रबर शोधायला उठले.
तेवढ्यात गल्लीत कुणीतरी ओरडलं,
नळ आला.
पप्पा आधीच बादली घेऊन बाहेर होते.