पासंग

मी उतरलो, म्हणजे ब्याण्णव किलो उतरले.
लोकरीची टोपी, गमबूट, खिशातला थर्मास धरून.
चौकशीच्या फॉर्मवर एवढंच विचारलंय.
रकाना लहान होता, तरी मावलं.

साडेनवाला माटाउरा नदीवरचं धुकं उठलं होतं.
गवतावरचं दहिवर वितळत होतं,
कुंपणापलीकडे मेंढ्या आमच्याकडे पाठ करून उभ्या,
सवयीच्या.
पंखा फिरताच ठेवून मी डाव्या बाजूचा पट्टा सोडला,
रिकाम्या सीटवर तो पुन्हा आडवा बांधला,
लोंबत राहू नये म्हणून.
दार लावलं. दोनदा ओढून पाहिलं.

हिनेवाई टाउ, वय एकोणीस,
लोकर कातरणाऱ्याची मुलगी,
तेवीस तास माझ्या शेजारी बसून उडलेली.
तेवीस तास हेलिकॉप्टर डावीकडे कलून तरंगायचं,
वाण्याच्या तराजूसारखं, माझ्या बाजूचं पारडं खाली.
तिच्या हातांनी तीच पातळी मानली होती.
क्षितिज म्हणजे काय, तर मी बसलेलो असताना दिसतं ते.

सांगितलं नव्हतं असं नाही.
"हलकं वाटेल. नाक वर येईल. उजवी स्किड शेवटी सुटेल.
काही वेगळं वाटलं की डाव्या हातातली दांडी खाली,
विचार नंतर."
तिनं ते मोठ्यानं म्हणूनही दाखवलं.
माझं नसणं मी तिला समजावत होतो
तिथेच बसून,
ब्याण्णव किलो.

डावी स्किड सुटली.
उजवी रुतलेली,
रात्रभर गोठून सकाळी सैल झालेल्या चिखलात
दोन बोटं. फार तर तीन.
कुंपणापासून मला दिसलं.
खाली, म्हणालो मी.
मध्ये चाळीस मीटर आणि तो आवाज.
खाली, म्हणालो, आणि माझा डावा हात
हवेतच खाली गेला, काहीही न धरता.
ती वर ओढत होती.
कोण नाही ओढणार? चिखलात पाय अडकला की माणूस वरच ओढतो.

मग पात्यांनी माती खणली.
शेपटीचा एक तुकडा मेंढ्यांपर्यंत गेला.
त्या पळाल्या, थांबल्या, पुन्हा चरू लागल्या.
मी धावलो. धावताना एक गमबूट चिखलातच राहिला,
तो दुसऱ्या दिवशी मिळाला.

ती उजव्या कुशीवर, दाराला चिकटून पडलेली,
गळ्याजवळचं हाड मोडलेलं,
आणि चांगल्या हातानं बंद करत होती:
इंधन. बॅटरी. किल्ली.
ओठ हलत होते. यादी म्हणत होती, क्रमानं.
तिच्या डोक्यावर, छतासारखी,
माझी सीट.
पट्टा जसाच्या तसा बांधलेला.

"लॅकी," म्हणाली, "तू सांगितलं होतंस."
हे तिनं माझ्या बाजूनं म्हटलं.
मला अजून ते दुसऱ्याच बाजूनं ऐकू येतं.

ऑगस्टात ती आली, हात झोळीत.
बापाच्या ट्रकमधून मेंढ्यांच्या खाद्याची
पंचवीस किलोची गोणी उतरवायला लावली,
ऑफिसच्या दारात ठेवली.
"तुझ्या जागी," म्हणाली, "पासंगाला."
हसली, आणि हसताना तिला दुखलं.
गोणी अजून तिथेच आहे. उंदरांनी एक कोपरा फोडलाय.

परवा एक नवा मुलगा होता, चांगला उडवतो.
त्याची वेळ झाली होती. मला माहीत होतं, त्यालाही.
आम्ही टेकलो. मी पट्ट्याला हात घातला
आणि म्हणालो, अजून एक फेरी मार.
त्यानं माझ्याकडे पाहिलं नाही. समोरच बघत राहिला,
मग उचललं त्यानं,
डावीकडे कललेलं,
सुरेख.